डाव्या बाजूच्या तारा

श्रीपतीच्या सायकलीच्या मागच्या चाकावरून बोट फिरवलं आणि आपली उमा या माणसाला द्यायची नाही, हे माझं ठरलं. फार वेळ लागला नाही. चाक तपासायच्या लोखंडी घोडीत चढवलं होतं, ते मी सावकाश फिरवत होतो आणि बोटाचं टोक एकेका तारेला लावत होतो. उजवीकडच्या तारा ताठ होत्या. डावीकडच्या जवळजवळ सगळ्या ढिल्या. एखाद-दुसरी तार ढिली असती तर मी शीळ घालत तिच्या टोकाचं निपल आवळलं असतं आणि विसरून गेलो असतो. पण ही ढिलाई एका बाजूची होती आणि तिचा अर्थ मला ठाऊक होता. सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील. जुन्या जालन्यातली धान्याची दुकानं नुकती उघडत होती, समोर हमाल पोती उतरवत होते, ज्वारीची बारीक धूळ माझ्या दुकानात येऊन वंगणाला चिकटत होती. रोजच्यासारखाच दिवस होता, आणि माझं बोट मात्र त्या एका तारेवर येऊन थांबलं होतं.

श्रीपती म्हणजे नदीपलीकडच्या शाळेतला मास्तर. त्याच्या घरून उमासाठी विचारणा आली होती. मध्यस्थ होता पुंजाराम, माझा मेहुणा, उमाचा मामा. आणि दुपारी बाराला तो माझा होकार घेऊन श्रीपतीच्या चुलत्याकडे जाणार होता. नुसता होकार न्यायचा राहिला होता, बाकी सगळं जुळलं होतं. आज सकाळी श्रीपती स्वतःच सायकल ढकलत दारात आला. टोपी काढून घाम पुसला, आणि खाली बघत म्हणाला, "मागचं चाक डुलून राह्यलंय, काका. आऊट काढून ठेवता का? दुपारच्या सुट्टीत येतो." एवढंच बोलून शाळेकडे चालत गेला. मला त्याचं ते कमी बोलणं आवडलं. उमाकडे आत डोकावून बघायचाही त्याने प्रयत्न केला नाही, तेही आवडलं. चाक काढता काढता मी मनातल्या मनात त्याला जावई करूनही टाकला होता, दिवाळीला त्याला काय द्यायचं इथपर्यंत पोचलो होतो. पाव तासात त्याला पुन्हा परका केला.

लोक म्हणतात भुजंगला गर्व फार. असेल. बावीस वर्षं चाकांचा आऊट काढतो आहे, थोडा गर्व हा हक्काचा आहे. लढाई सुरू झाल्यापासून विलायती तारा मिळेनाशा झाल्या, तर मी जुन्या वाकलेल्या तारा ऐरणीवर सरळ करून चाकं उभी केली, आणि ती चाकं आजही भोकरदनपर्यंत जाऊन येतात. पण माझा खरा गर्व तो नाही. मला चाकावरून माणूस कळतो. कचेरीतले एक पेशकार आहेत, तोंडाने साखर. त्यांच्या पुढच्या चाकाची रिम कायम ठेचलेली, कारण समोर गटार आलं तरी हा माणूस उतरणार नाही, वाट दुसऱ्यानं द्यायची. मी त्यांच्याशी कधी व्यवहार केला नाही, ज्यांनी केला ते पस्तावले. कापडाच्या पेढीवरचा एक मुनीम कमी हवेवर सायकल दामटतो, म्हणजे ट्यूब झिजू नये. त्याच्या घरात पाहुणा टिकत नाही हे मी त्याचं घर न बघता सांगितलं होतं. माणूस तोंड सांभाळतो, कपडे सांभाळतो. चाक सांभाळायचं असतं हे त्याच्या डोक्यातच नसतं. तो बसतो तसा बसतो, आपटतो तसा आपटतो, आणि सगळं तारांमध्ये साठत जातं.

डाव्या तारांचा अर्थ मला शिकवला तो उमाच्या आईने, दुर्गाने. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. ती माझ्या सायकलवर मागे कॅरिअरवर बसायची, दोन्ही पाय डावीकडे सोडून, एका हाताने सीटची स्प्रिंग धरून. गावात असेपर्यंत तिचा हात स्प्रिंगवरच. शेवटची घरं मागे पडली की तो हात हळूच माझ्या खांद्यावर यायचा, आणि समोरून बैलगाडी दिसली की परत स्प्रिंगवर. मी काही बोलायचो नाही. बोललो असतो तर तो हात आला नसता. श्रावणात तिला ताप भरला आणि सहाव्या दिवशी ती गेली. महिना-सव्वा महिन्यानंतर मी माझीच सायकल घोडीत चढवली, काहीतरी करायचं म्हणून, आणि बोट फिरवलं तर डावीकडच्या तारा ढिल्या. मी चाक हातात धरून बसून राहिलो. हे तिचं वजन, असं मला वाटलं. तिचं म्हणून जगात काय उरलं होतं? एक पत्र्याची पेटी, सहा वर्षांची उमा, आणि या ढिल्या तारा. धंद्याचा हात गप्प बसत नाही. मी पाना घेतला आणि पाव पाव फेरा आवळत चाक सरळ केलं. खडू लावून बघितला, चाक कुठेही खडूला शिवत नव्हतं. इतकं सुरेख चाक मी त्याआधी कधी लावलं नव्हतं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. ती ढिलाई तशीच ठेवायला हवी होती.

तेव्हा श्रीपतीच्या चाकात मला दिसलं ते असं: याच्यामागे बाई बसते. एकदा-दोनदा नाही, रोज बसते. आता याच्या घरात बायका किती? आई लहानपणीच गेलेली. एक थोरली बहीण आहे, प्रेमला, नवरा वारल्यावर माहेरी आलेली. ती उंबऱ्याबाहेर पडत नाही असं पुंजारामनेच मला सांगितलं होतं. मग रोज मागे बसते ती कोण? सरळ हिशेब होता. मला राग आला तो त्याच्या लफड्याचा नाही, माणसं असतात तशी. राग आला तो त्या खाली घातलेल्या मानेचा. ती मान मला आवडली होती. माझ्या पोरीला अशा घरात पाठवायचं की जिथे ती दार लावून वाट बघत बसेल आणि दुसरीच कोणी मागे बसून हिंडेल? उमाला आई नाही. तिच्या बाजूने बघणारा मी एकटा, आणि मला बघता येतं. मी पाना उचलला आणि चाक लावायला घेतलं. काम ते काम, सोयरीक मोडली म्हणून चाक वाकडं ठेवायची माझी रीत नाही.

पुंजाराम बाराच्या आधीच आला. धुतलेला फेटा, नवीन वहाणा, तोंडावर लग्न ठरल्याचा आनंद.

"मंग दाजी, सांगू ना होकार?"

"न्हाई म्हणून सांग."

तो हसला, मी चेष्टा करतोय असं त्याला वाटलं. मग त्याने माझं तोंड बघितलं आणि खालीच बसला. "अवो, काल रातीपर्यंत तर बराबर होतं. काय झालं काय?"

"त्याच्यामागं बाई बसती."

"कोणी सांगितलं?"

मी चाकाकडे बोट दाखवलं. पुंजाराम केदारखेड्याचा शेतकरी माणूस, त्याला बैलाचे दात कळतात, पावसाचं कळतं; चाकाकडे त्याने नुसतं बघितलं. "तारा ढिल्या झाल्या म्हणून पोरगी द्यायची न्हाई? दाजी, लोक काय म्हणतील?"

"लोकांना तारा कळत न्हाईत. तू जा. कारण सांगू नको, पत्रिका जुळली न्हाई म्हण."

तो उठला आणि "पाणी पिऊन जातो" म्हणत दुकानामागच्या घरात गेला. पाणी प्यायला त्याला बराच वेळ लागला. नंतर मागच्या दाराची कडी वाजलेली मी ऐकली, म्हणजे तो माझ्यासमोरून गेलाही नाही. रुसला असेल म्हटलं. रुसू दे.

थोड्या वेळाने उमा दुकानात आली. ती दुकानात आली की मला बरं वाटतं. हिला पाना कुठला, चावी कुठली, सांगावं लागत नाही, लहानपणापासून याच धुळीत वाढली. तिने पदर खोचला होता, म्हणजे काहीतरी बोलायचं होतं.

"मामा म्हणले, तुम्ही न्हाई म्हणलात."

"हो."

"चाकावरून."

"हो. तुला कळंल ते. बस, तुला सांगतो." आणि मी तिला सांगितलं. आईने समोर बसवून सांगावं तसं सांगितलं, कारण या गोष्टी बापाने मुलीला सांगायच्या नसतात, पण सांगणारं दुसरं कोणी नव्हतं. डाव्या तारा, कॅरिअर, पाय सोडून बसणं. तुझी आई अशीच बसायची, म्हणून मला ठाऊक.

उमाने चाकाला हातही लावला नाही. ती भिंतीला टेकवलेल्या सायकलीकडे गेली, चाक काढून घेतलेल्या, आणि वाकून बघत राहिली. "अण्णा, पायडल बघितलं का तुम्ही?"

नव्हतं बघितलं. चाक हातात आलं की मला उरलेली सायकल दिसत नाही, हे माझं पहिल्यापासूनचं. मी उठून बघितलं. डावं पायडल टोकाशी घासून पांढरं पडलं होतं. डावीकडची मूठ मातीत रगडल्यासारखी, तिचं रबर उसवलेलं. उजवीकडे काही नाही, कोरं. कॅरिअरवरचा रंगही कोरा, कारखान्यातून आला तसा. तिथे कोणी बसलंच नव्हतं.

"ही पडली आहे," उमा म्हणाली. "पुन्हा पुन्हा, डावीकडं. कोणतरी शिकून राह्यलंय हिच्यावर."

ती माझ्याकडे बघत होती, आणि मला कळेना की ती थांबली आहे कशाला.

"आई किती खेपा बसली असंल तुमच्यामागं?"

मी आठवू लागलो. केदारखेड्याला तिच्या माहेरी दिवाळीच्या. एकदा जांबला. एकदा दवाखान्यात. सात. फार तर आठ, सगळ्या संसारात. आणि आठ खेपांनी तारा ढिल्या होत नाहीत. हे मी कोणत्याही गिऱ्हाइकाला झोपेत सांगितलं असतं. त्या दिवशी चाक हातात धरून बसलो होतो तेव्हा कारागीर म्हणून बसलोच नव्हतो, आणि नंतर कधी तपासलंही नाही, कारण ते मला तसंच हवं होतं.

"आई शिकत होती," उमा म्हणाली. "तुम्ही दुपारी जेवून झोपलात की तुमची सायकल घेऊन नदीकडच्या पडीक रानात. मला बांधावर बसवायची, कोणी आलं की हाक मार म्हणून. रोज पडायची. मला म्हणाली, अण्णाला सांगायचं न्हाई. मी न्हाई सांगितलं."

"कशाला शिकायची होती?"

ते उमाला ठाऊक नव्हतं, पण मला ठाऊक होतं. त्या साली उन्हाळ्यात दुर्गाची आई अंथरुणाला खिळली होती. मला घेऊन चला, असं दुर्गा तीनदा म्हणाली. मी म्हणालो, हैदराबादहून माल आणायचा आहे, तो आणतो आणि मग जाऊ. मी आठ दिवसांनी माल घेऊन आलो आणि पाठोपाठ म्हातारी गेल्याचा निरोप आला. दुर्गाने मला एक शब्द बोलून दाखवला नाही, त्या श्रावणात गेली तोवर नाही. लोकांना वाटतं मी कशाने दबत नाही. ही एक गोष्ट माझ्या छातीवर अकरा वर्षं बसून आहे, आणि उमाच्या सांगण्याने ती आणखीच जड झाली. तिला स्वतःलाच जायचं होतं. पडत होती, उठत होती, आणि पोचायच्या आत आई गेली.

तेवढ्यात दारात श्रीपती उभा. दुपारची सुट्टी झाली होती. पुंजाराम त्याच्या चुलत्याकडे गेला असेल, पण हा शाळेतून थेट आला होता, याला काही ठाऊक नव्हतं. उमा आत सरकली, पण दाराच्या आडच राहिली.

"झालं का काका?"

"होतंय. मास्तर, हिच्यावर कोण शिकतंय?"

त्याचा चेहरा बंद झाला. "कोणी न्हाई."

"डावीकडं पडतंय ते. शिकवणारा उजवीकडून हँडल धरत असंल, म्हणून दुसऱ्या अंगाला तोल जातो. तुम्ही उजवीकडून धरता."

मग तो स्टुलावर बसला, आणि हळू आवाजात पण सरळ बोलला. "आक्का शिकून राह्यली. पहाटे, शाळेमागच्या मैदानात. तिला तीन कोसांवरच्या गावात मुलींच्या शाळेवर शिकवायला घेतलंय. रोज चालत जाणं होत न्हाई, आणि तिथं एकटीनं राहू द्यायला चुलते तयार न्हाईत. सायकल आली तर जाईल, न्हाई तर घरातच. काका, हे बाहेर बोलू नका. विधवा बाई सायकलवर बसती म्हणलं की लोक आधी तिला नावं ठेवतील, मंग तुमच्याकडंही बोट दाखवतील. मी तुम्हाला हे आधीच सांगायला पाहिजे होतं. सांगणारच होतो."

या पोराच्या खाली घातलेल्या मानेचा मी सकाळी काय अर्थ लावला होता. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटतानाही डोक्यात पहिली गोष्ट आली ती कामाचीच. मी म्हणालो, "हँडल धरायचं न्हाई बिलकुल. मागून सीट धरायची आणि पळायचं. त्यांना कळू न देता सोडायची."

"मी धरते," आतून उमा म्हणाली आणि बाहेर आली. ती श्रीपतीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. "आक्कांना उद्या इकडं नदीकडच्या रानात आणा म्हणावं. मी धरते सीट. आई पडायची तवा मी बांधावर बसून बघायची. हात पुरत नव्हता सीटला."

श्रीपतीने मान वर केली होती. मी चाक घाईने सायकलीला बसवलं, नट आवळले, चेन चढवली. एवढ्या जल्दी मी चाक कधी बसवलं नाही आणि तरीही ते खडूच्या रेघेसारखं सरळ फिरत होतं, हे मी त्या गडबडीतही बघून घेतलं. "मास्तर, तुमची सायकल मी घेऊन जातो. एक निरोप चुकीचा गेलाय, तो माघारी आणायचाय," म्हणालो आणि निघालो. पोत्यांमधून, हमालांमधून, घंटी वाजवत. पुंजाराम पाऊण तासापूर्वी गेलेला. चुलत्याच्या ओट्यावर बसून, पत्रिका जुळली नाही म्हणून सांगूनही झालं असेल. एकदा नकार दिलेल्या घरी मुलीचा बाप पुन्हा जातो तेव्हा त्याला काय ऐकावं लागतं ते मला ठाऊक होतं. ऐकायची माझी तयारी होती. पायांत बळ होतं, चाक डुलत नव्हतं.

पुंजाराम नदीच्या अलीकडेच दिसला. बाभळीखाली नव्या वहाणा काढून ठेवून निवांत तंबाखू मळत बसला होता.

"गेला न्हाईस?"

"उमी म्हणली, मामा, नदीपाशी बसा. अण्णा येतील. ते आल्याबिगर पाणी वलांडू नका."

म्हणजे पाणी प्यायला गेला तेव्हा. चाक बघायच्या आधी, माझ्याशी एक शब्द बोलायच्या आधी, पोरीने हे करून ठेवलं होतं. मी सायकल बाभळीला टेकवली आणि त्याच्याशेजारी बसलो. होकार सांग म्हणालो. त्याने मान हलवली, जणू ते कधीच ठरलं होतं. मला लगेच उठवेना.

"पुंजाराम, दुर्गा सायकल शिकत होती. तुला ठाऊक होतं?"

त्याचा अंगठा तळहातावर थांबला. "आल्ती की."

"कुठं आल्ती?"

"केदारखेड्याला. तुमी हैदराबादला गेल्ते तवा. उमीला शेजारच्या तुळजाबाईपाशी ठेवून. भल्या सकाळची निघाली, दिवस मावळायला आली. दोन्ही कोपरं फुटलेली, लुगडं सगळं वंगणानं माखलेलं. आईनं वळखलं तिला. रातभर तिचा हात धरून बसली. सकाळी आईनं आपल्या हातानं तिला दूध-भाकर चारली, मंग निघाली माघारी. चौथ्या दिवशी आई गेली."

दहा कोस. मधे दोन नाले, आणि गाडीवाटेची चाकोरी अशी की माझं गिऱ्हाईक तिथून आलं की मी न विचारता पुढचं चाक काढतो. त्या ढिल्या तारांवर, एकटी, लुगड्यात. जालन्यात तेव्हा सायकलवर बसलेली बाई कोणी बघितली नव्हती. आणि परत येऊन तिने सायकल जागेवर ठेवली, पुसून, आणि मी माल घेऊन आलो तेव्हा मला जेवायला वाढलं.

"मला का न्हाई सांगितलं?"

"तिनंच सांगू दिलं न्हाई. म्हणली, त्यांना कळलं की गावभर सांगतील, मीच शिकवली."

सांगितलं असतंच मी. पेशकाराला, मुनिमाला, दुकानात येईल त्या प्रत्येकाला. मला हसू आलं आणि त्याच्याबरोबरच रडू आलं, अकरा वर्षांत आलं नव्हतं तसं, आणि पुंजाराम नदीकडे तोंड करून बसला. माझ्यामुळे ती आईला भेटली नाही, असं मी इतकी वर्षं धरून होतो. ती भेटून आली होती. मी तिला मनातल्या मनात अजून कॅरिअरवर बसवून हिंडवत होतो, आणि ती पुढे सीटवर बसून, हँडल धरून, कधीच जाऊन आली होती.

मी फेट्याच्या शेवाने तोंड पुसलं. पुंजारामने तंबाखू तोंडात टाकली, वहाणा घातल्या.

"चला दाजी, दोघं मिळूनच जाऊ चुलत्याकडं," तो म्हणाला. "मी बसतो मागं."